मुलाचा अंतरिम ताबा : अर्ज, समुपदेशन, आदेश आणि त्यानंतरचे दिवस

नवरा-बायको वेगळे राहू लागले की मूल कोणाकडे राहणार, हा प्रश्न घटस्फोटाच्या निकालासाठी थांबून राहत नाही. सोमवारी शाळा असतेच, ताप येतोच, परीक्षा जवळ येतच असते. म्हणून मुख्य दावा चालू असतानाच्या काळापुरती न्यायालय व्यवस्था लावून देते. तोच अंतरिम ताबा. कागदावर तो तात्पुरता असतो. पण मुख्य दाव्यात पुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद यांत बरीच वर्षे जातात आणि तेवढ्या काळात मूल त्या घरात, त्या शाळेत, त्या मित्रांत रुजते. अंतिम निकालाच्या वेळी अशा मुलाला तिथून हलवायला कोणतेही न्यायालय सहजासहजी तयार होत नाही. त्यामुळे ज्याला आपण तात्पुरता आदेश समजतो, तोच पुष्कळदा मुलाचे अख्खे बालपण ठरवतो.

एवढे महत्त्वाचे असूनही हा अर्ज सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जातो. पानेच्या पाने जोडीदाराच्या वागण्याबद्दल आणि मुलाबद्दल दोन ओळी. अर्ज नेमका उलटा हवा. या लेखातल्या बाकीच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

कोणत्या कायद्याखाली, कुठे

हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट, न्यायिक विभक्तता किंवा नांदायला येण्याचा दावा आधीच दाखल असेल, तर त्याच दाव्यात कलम २६ खाली अर्ज करता येतो. विशेष विवाह कायद्यात (१९५४) कलम ३८, ख्रिश्चनांसाठी घटस्फोट कायद्यात (१८६९) कलम ४१ व ४३ आणि पारशी विवाह कायद्यात (१९३६) कलम ४९ अशी याच धर्तीची तरतूद आहे.

वैवाहिक दावा नसेल, किंवा प्रश्न फक्त मुलाचा असेल, तर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली स्वतंत्र याचिका करायची. हा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. त्याचे कलम २५ ताबा परत मिळवण्यासाठी आहे आणि कलम १२ अंतरिम आदेशासाठी. कलम १२ खाली न्यायालय मुलाला हजर करायला सांगू शकते आणि त्याचा तात्पुरता ताबा कोणाकडे राहील हे ठरवू शकते. मुस्लिम कुटुंबांत हिजानतचे (लहान मूल आईकडे राहण्याच्या हक्काचे) नियम विचारात घेतले जातात, पण तिथेही मुलाचे हित मागे पडत नाही.

तिसरा रस्ता कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा (२००५). या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केलेला असेल, तर कलम २१ प्रमाणे तिथेच पीडित स्त्रीला मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. भेटीमुळे मुलाला अपाय होईल असे वाटले तर दंडाधिकाऱ्यांनी भेट नाकारावी, असे त्या कलमातच म्हटले आहे. मारहाण झालेली असेल आणि घाई असेल, तर हा रस्ता जवळचा पडतो. मात्र एकाच मागणीचे अर्ज दोन-दोन न्यायालयांत टाकू नका. एका ठिकाणचा अर्ज दुसऱ्या ठिकाणी लपवला, की तुमच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास उडतो.

पालक व पाल्य कायद्याची याचिका कुठे करायची? मूल जिथे सामान्यतः राहते तिथे (कलम ९). भांडणानंतर पंधरा दिवसांपूर्वी मुलाला नाशिकहून नागपूरला नेले, एवढ्याने नागपूर त्याचे सामान्य वास्तव्य होत नाही. यावरच आक्षेप घेतला जातो आणि महिने जातात. म्हणून शाळेचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, घरभाड्याचा करार असे पुरावे पहिल्याच दिवशी लावा. ज्या जिल्ह्यात कुटुंब न्यायालय नाही, तिथे हे काम जिल्ह्याच्या नेहमीच्या दिवाणी न्यायालयांत चालते.

अर्ज करण्याआधी

मुलाला उचलून नेऊ नका. शाळेच्या दारातून, आजीच्या घरातून, क्लासच्या जिन्यावरून मूल घेऊन जाणारे पालक सांगतात की ते माझेही मूल आहे. ते खरेच असते. पण न्यायाधीशांना त्यातून एकच दिसते : आपला हेतू साधताना या माणसाला मुलाच्या भीतीचा विचार सुचला नाही. समोरच्याने तसे केले असेल तर प्रत्युत्तर म्हणून तेच करू नका. पोलिसांत लेखी कळवा, त्याची पोच घ्या आणि त्याच आठवड्यात तातडीचा अर्ज टाका. मुलाला बेकायदेशीरपणे अडकवून ठेवले असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिकाही (मुलाला न्यायालयासमोर हजर करा अशी मागणी करणारी) करता येते. पण आई-वडिलांमधल्या नेहमीच्या वादात तपशिलात चौकशी लागते आणि त्याची जागा कुटुंब न्यायालय हीच आहे.

मूल तुमच्याकडे असेल, तर याच काळात समोरच्याला फोनवर बोलू द्या. आदेश नाही म्हणून बोलणे बंद केले, तर पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जाणारा तो पहिला मुद्दा होतो.

कागद गोळा करताना जोडीदाराच्या गुन्ह्यांची फाइल बनवू नका, मुलाच्या आयुष्याची बनवा. जन्मदाखला, शाळेची फी भरल्याच्या पावत्या, प्रगतिपुस्तक, पालकसभेची उपस्थिती, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शाळेच्या ग्रुपवरचे तुमचे मेसेज, तुमचे कामाचे तास सांगणारे पत्र, घरात आणखी कोण राहते आणि मूल कुठे झोपते हे. मोबाइलमधले चॅट आणि फोटो द्यायचे असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. कुटुंब न्यायालय पुराव्याचे नियम सैलपणे वापरू शकते (कुटुंब न्यायालय कायदा, १९८४, कलम १४), तरी प्रमाणपत्र जोडलेले बरे. मुलाला बोलते करून केलेली रेकॉर्डिंग मात्र देऊ नका. «बाबा कसे वागतात, सांग» असे विचारतानाचा तुमचाच आवाज त्यात असतो आणि तो ऐकणाऱ्याला सगळे सांगून जातो.

अर्ज कसा लिहायचा

सुरुवात मुलापासून करा. वय, इयत्ता, तब्येत, दिवसभराचा क्रम. उदाहरणादाखल असा एक परिच्छेद :

«मुलगी सात वर्षांची असून दुसरीत शिकते. शाळेची बस सकाळी ७.१० ला येते. तिला दम्याचा त्रास आहे. सकाळी व रात्री पंप अर्जदार देते (डॉक्टरांची चिठ्ठी, यादी क्र. ४). दुपारी १.३० ला ती घरी येते तेव्हा अर्जदाराची आई घरी असते. अर्जदार संध्याकाळी सहाला परत येते. मागील दोन वर्षांच्या सर्व पालकसभांना अर्जदार हजर होती (शाळेचे पत्र, यादी क्र. ६). मुलीला वडिलांची ओढ आहे. रविवारी सायकल चालवायला ती त्यांच्याबरोबर जात असे. ही सवय चालू राहावी अशी अर्जदाराची इच्छा आहे.»

शेवटची तीन वाक्ये पुन्हा वाचा. वकील पुष्कळदा ती गाळायला सांगतात, कारण ती समोरच्याच्या बाजूची वाटतात. माझ्या मते अर्जातली सर्वांत वजनदार वाक्ये तीच. मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाची जागा कोण टिकवील, हे न्यायाधीश पाहत असतात. मुलाला दुसऱ्या पालकाविरुद्ध भरवण्याचे परिणाम सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ च्या एका निकालात गंभीरपणे मांडले आहेत.

ज्या वडिलांनी आजवर घरचे पाहिले नाही, कमावणे आणि हप्ते भरणे एवढेच केले, त्यांनी खोटा दिनक्रम रचू नये. उलटतपासणीत दोन प्रश्नांत तो कोसळतो : वर्गशिक्षिकेचे नाव काय, आणि मुलाला कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे? त्याऐवजी पुढे काय करणार ते ठोस लिहावे. कामाची वेळ बदलून घेतल्याचे पत्र, शाळेपासून घर किती लांब, मूल घरी येईल तेव्हा घरात कोण असेल. आणि एकदम पूर्ण ताबा मागण्याऐवजी वाढत जाणारी भेट मागावी. आधी दिवसाची, मग रात्रीच्या मुक्कामाची, मग सुट्टीतला एक आठवडा. अशी मागणी मान्य होण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते आणि मुलालाही ती झेपते.

जोडीदाराबद्दल लिहायचेच असेल, तर मुलावर थेट परिणाम झालेल्या घटना लिहा. तारीख, जागा, मूल तेव्हा कुठे होते, पुढे काय झाले. «सामनेवाले व्यसनी व बेजबाबदार आहेत» याला काही वजन नाही. «अमुक तारखेला रात्री ते दारू पिऊन मुलाला दुचाकीवर बसवून निघाले, शेजाऱ्यांनी थांबवले» याला आहे. लैंगिक अत्याचाराचा आरोप हत्यार म्हणून कधीही वापरू नका. आणि तो खरा असेल तर ताब्याच्या अर्जापर्यंत थांबू नका. पॉक्सो कायद्याखाली (२०१२) लगेच तक्रार करा, मुलाला एकाच प्रशिक्षित माणसासमोर बोलू द्या, आणि देखरेखीशिवाय भेट होऊ नये अशी मागणी त्याच दिवशी करा.

मुलाचा खर्च आणि शिक्षण यांसाठीचा अंतरिम अर्ज वेगळा लिहा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा, असे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ च्या परंतुकात (कलमाला शेवटी जोडलेल्या तरतुदीत) आहे. २००१ ची ही दुरुस्ती फार कमी पक्षकारांना माहीत असते. युक्तिवादात तिची आठवण करून द्या.

समुपदेशक आणि न्यायाधीशांची मुलाशी भेट

अर्ज दाखल झाला की नोटीस निघते, समोरचा पक्ष आपले म्हणणे देतो आणि मधल्या काळात प्रकरण बहुधा विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाते. समेटाचा प्रयत्न करणे हे कुटुंब न्यायालयाचे कर्तव्यच आहे (कुटुंब न्यायालय कायदा, कलम ९). समेट म्हणजे पुन्हा एकत्र नांदणे असेच नाही. मुलाच्या भेटीपुरता समेटही चालतो आणि तो होतोही. समुपदेशकाच्या खोलीत जाताना वकील बाहेर थांबतात. तिथे तुमची बाजू मांडायला जाऊ नका. भेटीचे वार, वेळा आणि जागा यांचे दोन-तीन पर्याय लिहून न्या आणि यांपैकी कोणताही चालेल असे सांगा. जमले तर संमतीची पुरशिस (न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन) लिहून दोघांनी सही करा. त्यावर झालेला आदेश दोघांनाही आपला वाटतो आणि म्हणून टिकतो.

मूल पुरेसे समजते झाले असेल, तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलतात. पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ प्रमाणे समज असलेल्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकते. ती बंधनकारक नसते. आणि खरे म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाला कोण हवे असे थेट विचारलेही जात नाही. मित्र कोण, गृहपाठ कोण घेते, रात्री भीती वाटली तर कोणाकडे जातोस, अशा गप्पा होतात. मुलाला उत्तरे पाठ करून नेऊ नका. पढवलेले मूल मोठ्यांचे शब्द वापरते. «त्यांनी माझी जबाबदारी घेतली नाही» असे वाक्य सात वर्षांचे मूल स्वतःहून बोलत नाही. त्याला एवढेच सांगा : एक काका किंवा मावशी तुझ्याशी बोलणार आहेत, खरे ते सांग, काहीही सांगितलेस तरी मी रागावणार नाही. त्या दिवशी त्याची शाळा बुडते, कॉरिडॉरमध्ये तासन्‌तास बसावे लागते. डबा, पाणी, एखादे गोष्टीचे पुस्तक बरोबर ठेवा, आणि समोरचे नातेवाईक दिसले तरी मुलासमोर आवाज चढवू नका.

सुनावणी बंद दालनात हवी असेल तर मागा. दोघांपैकी एकाने मागितली तरी कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ११ प्रमाणे ती तशीच घ्यावी लागते.

न्यायालय काय तोलते

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे (१९५६) कलम ६ सांगते की पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. २०१५ मध्ये गोव्यातल्या एका अंतरिम ताब्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आई ताब्याला अपात्र आहे हे वडिलांनी दाखवून द्यायचे असते. पाच वर्षांनंतर ताबा आपोआप वडिलांकडे जातो, हा समज मात्र साफ चुकीचा आहे. त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलाचे हित सर्वांत वर आहे आणि ते प्रत्येक वयात तसेच राहते.

पगार जास्त म्हणून ताबा मिळत नाही, कारण पैशाची कमतरता पोटगीने भरून काढता येते. आई नोकरी करते म्हणून तो नाकारलाही जात नाही. पाहिले जाते ते असे : आजवर संगोपन कोणी केले, शाळा बदलावी लागेल का, भावंडे एकत्र राहतील का, घरात सांभाळणारे कोण, आणि आधी म्हटले तसे, दुसऱ्या पालकाशी नाते कोण टिकवील. आजी-आजोबांचा आधार महत्त्वाचा असतो, पण तुम्ही दिवसभर बाहेर आणि मूल पूर्णपणे आजीवर, असे चित्र असेल तर विचारणा होणारच.

आदेशात काय असावे

अंतरिम आदेशातले बहुतेक भांडण मोघम शब्दांमुळे होते. «वडिलांना वाजवी भेट द्यावी» असा आदेश म्हणजे दर आठवड्याला नवा वाद. मागणी करतानाच मसुदा द्या :

«सामनेवाले यांनी दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ वाजता मुलाला अर्जदाराच्या सोसायटीच्या गेटवरून घ्यावे व त्याच दिवशी रात्री ८ वाजता तेथेच सोडावे. मूल आजारी असल्यास आदल्या रात्री ९ पर्यंत मेसेजने कळवावे व डॉक्टरांची चिठ्ठी पाठवावी. हुकलेली भेट लगेचच्या शनिवारी द्यावी. सोमवार ते शुक्रवार सायंकाळी ७.३० ते ७.४५ व्हिडिओ कॉल करू द्यावा.»

यात दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची वाटणी, मुलाचा वाढदिवस, गणपतीत आजोळी किंवा गावी जाणे, शाळेची माहिती दोघांना मिळणे, परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर न नेणे आणि पासपोर्ट कोणाकडे राहील हेही घाला. फोन आणि व्हिडिओ कॉल मागायला संकोच करू नका. ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटे तरी मुलाशी बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे.

मूल बरेच महिने भेटलेले नसेल, किंवा घाबरत असेल, तर पहिल्या भेटी न्यायालयाच्या आवारात ठेवल्या जातात. मुंबईत वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात त्यासाठी मुलांची वेगळी जागा आहे. आवारातली भेट ही पहिली पायरी समजा आणि काही भेटी नीट झाल्या की बाहेर भेटायची परवानगी मागा. कायम तिथेच भेटत राहणे मुलासाठी बरे नाही. त्याला आपले आई किंवा बाबा त्या इमारतीत राहतात असे वाटायला लागते.

आदेशानंतर

भेटीला वेळेवर जा. महागडी खेळणी घेऊन जाण्यापेक्षा मूल सध्या काय करते ते आधी माहीत करून घ्या. कोर्टाचा विषय काढू नका, «आई काय म्हणते» विचारू नका. परत सोडताना मूल रडले तर त्याचा व्हिडिओ काढू नका.

मूल ज्याच्याकडे आहे त्याने «त्यालाच जायचे नाही, मी काय करू» असे म्हणून हात झटकू नयेत. मुलाला शाळेतही जायचे नसते, तरी आपण पाठवतोच. खरोखर काही घडले असेल तर लेखी द्या आणि आदेशात बदल मागा. भेट आपणच बंद करू नका.

भेट नाकारली गेली तर दाराशी वाद न घालता तारीख, वेळ आणि काय उत्तर मिळाले ते लिहून ठेवा, त्याच दिवशी मेसेज करा आणि न्यायालयात अर्ज द्या. बुडलेल्या भेटींची भरपाई, अंमलबजावणीचे आदेश, जाणूनबुजून केलेल्या अवज्ञेबद्दल अवमानाची कारवाई, हे सगळे मागता येते. आणि सतत भेट अडवणे हे ताबा बदलण्याचे कारणही होऊ शकते. पोटगी मात्र थांबवू नका. भेट नाही तर पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत तर भेट नाही, या दोन्ही वाक्यांत मुलाचेच नुकसान आहे, आणि न्यायालय दोन्ही सारखीच नापसंत करते.

अंतरिम आदेशावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ प्रमाणे अपील होत नाही. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १९ मध्येही दरम्यानचे आदेश अपिलातून वगळलेले आहेत. अन्याय स्पष्ट असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. दंडाधिकाऱ्यांनी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दिलेल्या आदेशावर मात्र सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील आहे.

वकिलाबद्दल एक गोष्ट. कुटुंब न्यायालयात वकील देणे हा हक्क म्हणून मिळत नाही (कुटुंब न्यायालय कायदा, कलम १३), त्यासाठी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. तो बहुधा मंजूर होतो. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग अशा काही गटांनाही तो तसाच मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

परिस्थिती बदलली की आदेशही बदलून घेता येतो, कारण ताब्याचे आदेश कायमचे गोठवलेले नसतात. तीन वर्षांच्या मुलासाठी ठरवलेली दोन तासांची भेट ते नऊ वर्षांचे झाल्यावर अपुरी पडते. शनिवारी त्याचा क्रिकेटचा सराव सुरू झाला तर वार बदलावा लागतो. बदली, आजारपण, दुसरे लग्न, नवी शाळा, यांतले काहीही घडले तर नवा अर्ज करा, नेमके काय बदलले ते पहिल्याच परिच्छेदात लिहा, आणि जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत व आजवर झालेल्या भेटींचा तक्ता सोबत जोडा.